गावाचं शिल्प उन्हापावसात टिकावं म्हणून

उघड्यावरच्या मोठ्या शिल्पांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाला कृष्णेच्या काठी ग्रामपंचायतीची मोकळी जागा आहे. वडाच्या पारंब्यांवरून सुचलेलं पंधरा फुटी शिल्प लोकवर्गणीतून आणि लोकांच्या हातांनी करायचं ठरतंय. काही मंडळी म्हणतात, नदीकाठी कोण बघणार, चौकातच करा. सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, वाई तालुका

चौकाचा विषय आधी संपवू. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या नित्य वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी राज्यांना दिला आहे. तो नसता तरी वळणावर वाहनचालकाची नजर अडवणारं शिल्प नकोच. नदीकाठची जागा चांगली आहे, पण जलसंपदा विभागाकडून पूररेषा पाहून घ्या. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, काहीही बांधू नका. पुराबरोबर येणारे ओंडके पारंब्यांमध्ये अडकतात आणि मग सगळा लोंढा शिल्पावर रेटा देतो.

त्यानंतर जमीन. काठावर काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ठेवलेला पाया वर-खाली होतो आणि शिल्प कलतं. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा. मुरूम फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्याव्या लागतात. त्या किमान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्याखाली मातीतला ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही.

कागदावर आकार पक्का करण्याआधी बांबू आणि जुनी लुगडी किंवा गोणपाट वापरून पूर्ण उंचीचा सांगाडा जागेवर उभा करा आणि आठवडाभर तसाच ठेवा. खर्च नगण्य, उपयोग मोठा. सावली कुठे पडते, पोरं कुठून चढतात, वारा कुठून येतो, गुरं कुठे अंग घासतात, हे सगळं त्यात दिसतं. ग्रामसभेत चित्र दाखवून 'आवडलं का?' विचारलं तर लोक मान डोलावतात आणि घरी जातात. बांबूच्या सांगाड्याखाली उभे राहिले की खरं बोलतात. मग शाडूत १:१० चा नमुना करा आणि तो पसंत पडला की १:५ चा. बारकावे ठरतात ते या दुसऱ्या नमुन्यात.

आता वारा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचे मूळ वेग दिले आहेत. पुण्यासाठी तो सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४. दाबाचं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ३९ ला तो चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन येतो, म्हणजे ९३ किलोंचा रेटा. पंधरा फूट उंच आणि सात फूट रुंद आकाराला दहा चौरस मीटर धरा, आकाराचा गुणक १.३ धरा. सगळा मिळून १.२ टनांचा आडवा धक्का बसतो, तोही साडेसात फुटांवर. फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळ्यांवर सिमेंटचा माल दाबून केलेल्या पातळ कवचाच्या, अशा शिल्पाचं स्वतःचं वजन जेमतेम दीड-दोन टन भरतं. म्हणजे त्याला उभं धरतो तो पाया. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर जाड काँक्रीटचं वजन ९.६ टन होतं, यावरून अंदाज यावा. हा हिशेब तुम्हाला कल्पना यावी म्हणून दिलाय. प्रत्यक्षातलं गणित आणि नकाशावरची सही स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच हवी, आणि ती शिल्पकाराचा नमुना पक्का होण्याआधी हवी. इंग्लंडमधल्या गेट्सहेडला अँटनी गॉर्म्ले यांचं 'एंजल ऑफ द नॉर्थ' १९९८ पासून टेकडीवर उभं आहे. उंची वीस मीटर, पंखांची रुंदी ५४ मीटर, वजन २०० टन. त्याच्या पाइल्स वीस मीटर खोल, म्हणजे शिल्प जेवढं वर तेवढाच पाया खाली.

पारंब्यांचा आकार बांधकामाच्या दृष्टीने तुमच्या फायद्याचा आहे. जमिनीला टेकणारी प्रत्येक पारंबी खांबाचं काम करू शकते आणि भार वाटला जातो. धोके दोन. शिल्पातलं लोखंड सगळ्यात आधी गंजतं ते पारंबी जमिनीला मिळते तिथं, कारण तिथे पाणी साचतं. म्हणून टेकू मातीत घालू नका. भोवतालच्या जमिनीपासून किमान सहा इंच उंच काँक्रीटच्या ओट्यावर घ्या आणि ओट्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, ५० ला १ तरी. दुसरं, दोन पारंब्यांमधली फट ९ ते २३ सेंटिमीटर ठेवू नका. एवढ्या फटीत लहान मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं. एकतर तिच्याहून अरुंद ठेवा किंवा चांगली ऐसपैस.

प्रश्न : आमचा ठेकेदार म्हणतो, चिकन मेशचा (खुराड्याच्या बारीक तारजाळीचा) एक थर आणि १:४ माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) पुरे. फेरोसिमेंटचं नेमकं प्रमाण काय असावं? — एक गवंडी वाचक, इंदापूर

पुरे नाही. १:४ हा भिंतीच्या गिलाव्याचा माल झाला. फेरोसिमेंटची ताकद पातळ कवचात अनेक ठिकाणी विखुरलेल्या बारीक तारांमधून येते. एकच जाळी लावली की तो नुसता लोखंड घातलेला गिलावा होतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो.

मुख्य कणा पाइपचा किंवा जाड सळईचा असतो आणि त्याचं माप इंजिनिअर देईल. त्यावर आकार देणाऱ्या ८ मिलिमीटरच्या सळया १५ ते २० सेंटिमीटर अंतराने, वर वेल्डमेश (सांधे वेल्ड केलेली चौकोनी जाळी), आणि वेल्डमेशच्या आत-बाहेर अर्ध्या इंची चिकन मेशचे दोन-दोन थर. थरांची भोकं एकमेकांसमोर येऊ देऊ नका, दुसरा थर अर्धं भोक सरकवून लावा. दर १५ सेंटिमीटरवर बाइंडिंग वायरने आवळा आणि तारेची टोकं आत वळवा. बाहेर राहिलेलं एक टोक पुढे त्या जागी गंजाचा ठिपका होतं. नवीकोरी चकचकीत गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, जाळी काळ्या सळईला टेकलेली असताना ओला माल लागला, तर जस्तापासून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि तारेभोवती पोकळी राहते. जाळी आधी काही दिवस उघड्यावर ठेवून तिची चमक जाऊ द्या.

माल वजनाने १:२. सिमेंटची एक ५० किलोची गोणी, १०० किलो वाळू आणि २० लिटर पाणी. वाळू २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली, धुतलेली. पाण्याचं माप सोडू नका. माल घट्ट वाटला की गवंडी तांब्याभर पाणी ओततो आणि भेगांची सुरुवात तिथेच होते. मऊपणा हवा तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात प्लास्टिसायझर वापरा. कालवलेला माल तासाभरात संपला पाहिजे. घमेल्यातला सुकत आलेला माल पाणी मारून पुन्हा जिवंत करू नका.

एक उदाहरण. शिल्पाचा पृष्ठभाग २० चौरस मीटर, जाडी सरासरी ३० मिलिमीटर. माल लागतो ०.६ घनमीटर, सांडलवंड धरून ०.७. त्याला सिमेंट साधारण नऊ गोण्या, वाळू ९०० किलो. चिकन मेश चार थरांची ८० चौरस मीटर आणि जोडांवरची चढण धरून ९५ ते १००.

माल लावणं हे थापीपेक्षा अंगठ्यांचं काम आहे. रबरी हातमोजे घालून एकाने बाहेरून माल दाबायचा, दुसऱ्याने आत फळी किंवा तळहात धरायचा. दाब नीट बसला की जाळीच्या प्रत्येक भोकातून मालाचा बारीक कोंब आत डोकावतो. जिथे कोंब दिसत नाही तिथे मागे पोकळी आहे. ती त्याच वेळी भरा. दुसऱ्या दिवशी लाकडी मुठीने ठोकून पाहा, आवाज बद्द आला तर तो तुकडा फोडून पुन्हा करा. शेवटच्या जाळीवर बाहेरून १० मिलिमीटर माल हवाच. पिसं, साल, शिरा कोरायच्या असतील तर त्यांच्यासाठी या दहा मिलिमीटरच्या वर वेगळा माल चढवा, नाहीतर कोरणी थेट जाळीपर्यंत जाते.

पाणी मारणं किमान १४ दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर २१. ओलं गोणपाट गुंडाळा आणि ते रात्रीही ओलं राहील असं पाहा. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून दोनदा पाइप फिरवला म्हणजे क्युरिंग झालं, असं होत नाही. रंग २८ दिवसांनंतर.

पोकळ शिल्पाच्या प्रत्येक खालच्या खळग्याला २५ मिलिमीटरचं छिद्र ठेवा. आत पाणी जाणारच नाही असं समजून कोणी शिल्प बंद करत असेल तर त्याला थांबवा. पाणी जातं, हवेतल्या ओलाव्याचंही आत पाणी होतं. ते बाहेर कुठून पडेल एवढंच आपल्या हातात असतं.

प्रश्न : शाळेच्या आवारात ऑलिव्ह रिडले कासवाचं सिमेंटचं शिल्प आहे. दोन पावसाळ्यांत पाठीवर भेगा पडल्या, तांबूस ओघळ येतात, रंगाला फोड आलेत. भेगा पीओपीने बुजवल्या तर आणखी वाढल्या. — एक शिक्षक, दापोली तालुका

पीओपी काढून टाका, पूर्णपणे. पीओपी म्हणजे जिप्सम. सिमेंटशी त्याचा ओलाव्यात संयोग झाला की फुगणारे स्फटिक तयार होतात आणि भेग आतून उसवते. घराच्या छतासाठी ते ठीक, बाहेर कधीच नाही.

मूळ दुखणं गंजाचं आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचा माल फोडतो. कारण दोनांपैकी एक किंवा दोन्ही : खाऱ्या वाऱ्यातलं किंवा किनाऱ्यावरच्या वाळूतलं मीठ, आणि जाळीवर मालाचा पातळ थर. कारण तपासायला तुमची प्रयोगशाळाच उपयोगी पडेल. भेगेजवळचा टवका ताजा फोडा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण टाका. गडद गुलाबी झाला तर सिमेंटचा अल्कलीपणा शाबूत आहे. रंग आलाच नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो संपवलाय आणि लोखंडाचं संरक्षण गेलंय. गुलाबी येऊनही गंज असेल तर संशय मिठावर. आठवीच्या पुढच्या मुलांना सोबत घेऊन करा, पण टवका फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा.

दुरुस्ती अशी : सैल माल छिन्नीने काढा आणि सळईच्या मागेही बोट जाईल इतकं मोकळं करा. नुसता पुढचा भाग उघडला तर मागून गंज चालूच राहतो. तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा. जाळी भुगा झाली असेल तर कापून नवी बांधा, किनारी गावात शक्य तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेसची. गोड्या पाण्याने भरपूर धुवा. लोखंडावर झिंक प्राइमर, कडांना एसबीआर लेटेक्स (माल चिकटवणारं रबरी द्रावण) आणि सिमेंटची स्लरी (पातळ लेप), आणि स्लरी ओलसर असतानाच १:३ चा लेटेक्स घातलेला माल. स्लरी वाळली तर ती चिकटवत नाही, उलट थर सुटा करते. सात दिवस ओलं ठेवा.

फोड आलेत ते ऑइलपेंटमुळे. तो आतला ओलावा कोंडतो. तो खरवडून बाहेरच्या भिंतींसाठीचा, वाफ बाहेर जाऊ देणारा ॲक्रिलिक रंग लावा. आणि कासवाच्या पाठीवर ढालींच्या मध्ये पाणी साचत असेल तर तिथे कितीही चांगला माल भरला तरी पुन्हा हेच होईल. त्या खोबणी बाहेरच्या कडेकडे उतरत्या करून घ्या.

प्रश्न : आम्हाला शिल्पावर शाळेतल्या ४०० मुलांनी केलेल्या मातीच्या टाइल्स लावायच्या आहेत, प्रत्येकीवर परिसरातल्या झाडाच्या पानाचा ठसा. गेल्या वेळी अर्ध्या टाइल्स भट्टीत फुटल्या. — एक वाचक, नाशिक

कल्पना फार चांगली आहे. मूल आपली टाइल पुढे नातवंडांना दाखवतं, आणि अशा शिल्पाची नासधूस कमी होते.

टाइल्स फुटतात त्या बहुधा दोन कारणांनी : माती फार बारीक असते, किंवा वाळायची घाई झालेली असते. मातीत भाजक्या विटांची किंवा कौलांची चाळलेली भरड पाचव्या हिश्श्याएवढी मिसळा. जाडी १२ ते १५ मिलिमीटर, सगळ्यांची सारखी. त्यासाठी दोन लाकडी पट्ट्यांमध्ये लाटणं फिरवा. पान शिरांच्या बाजूने खाली ठेवून लाटायचं. पिंपळ, सागवान, पळस उत्तम उठतात. चिंच किंवा बाभूळ ठशात हरवते, तिची अख्खी डहाळी घ्या. टाइलच्या मागे खिळ्याने आडव्या-उभ्या रेघा ओढा, त्या नसतील तर टाइल धरणार नाही. मुलाचं नाव मागेच कोरून ठेवा.

वाळवायचं सावलीत, दोन वर्तमानपत्रांमध्ये, वर हलकी फळी, रोज उलटून, दहा-बारा दिवस. माती वाळून-भाजून आठ ते बारा टक्के आटते, तेव्हा दहा सेंटिमीटरची टाइल हवी असेल तर अकरा-सव्वाअकराची कापा. भट्टीचा ताव सुरुवातीला १२० अंशांपर्यंत अगदी सावकाश नेतात, नाहीतर उरलेल्या पाण्याची वाफ टाइल फोडते. ५७३ अंशांच्या आसपास वाळूतलं क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतं, तिथेही चढताना आणि उतरताना दम धरायचा. शेवटचा ताव १००० ते १०५० अंश. कुंभाराच्या उघड्या आव्यात एवढा ताव सगळीकडे सारखा मिळत नाही, म्हणून गॅसची किंवा विजेची भट्टी पाहा.

लावण्याआधी एक परीक्षा घ्या. कोरडी टाइल तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. वजन पंधरा टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती उघड्यावर टिकणार नाही, पुन्हा भाजा. चिकटवायला नुसतं सिमेंट नको, पॉलिमरचं टाइल ॲडेसिव्ह घ्या. दोन टाइल्समध्ये ४-५ मिलिमीटरची फट, आणि दर तीन मीटरला एक लवचीक सांधा. घरातल्या उरलेल्या टाइल्सचे तुकडे लावायचे असतील तर फरशीच्या व्हिट्रिफाइड घ्या. बाथरूमच्या भिंतीच्या टाइल्स मागून पाणी पितात आणि त्यांची चकाकी सोलून निघते.

प्रश्न : कारखान्यांतल्या भंगारातून कामगार मिळून बारा फुटी खंड्या करत आहोत. गियर, साखळ्या, स्प्रिंगा आहेत. टिकेल का? कॉर्टन स्टीलचा भाव परवडेल का? — कामगार वाचकांचा गट, पिंपरी-चिंचवड

आधी जिवाचं. शॉक ॲब्सॉर्बर, गॅसच्या टाक्या, इंधनाच्या टाक्या आणि सीलबंद सिलिंडर यांना वेल्डिंगची आच लावू नका, ते फुटतात. गॅल्व्हनाइज्ड पत्रा जोडताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि त्याने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडायच्या जागेवरचं जस्त घासून काढा आणि वारा पाठीमागून घ्या.

गियरवरचं ग्रीस उतरवा, मग सँडब्लास्ट (जोराच्या हवेने वाळू मारून सफाई), मग त्याच दिवशी झिंकयुक्त इपॉक्सी प्राइमर, वर इपॉक्सीचा मधला थर, शेवटी पॉलियुरेथेन. इपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढुरकं होतं, म्हणून वरचा थर पॉलियुरेथेनचाच. सगळे थर मिळून २५० मायक्रॉनच्या आसपास असावेत. भंगाराच्या शिल्पात अडचण असते ती एकमेकांवर चढवलेल्या तुकड्यांची. टाके मारून जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये ब्लास्टची वाळू पोचत नाही, रंग पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. अशा कडा सलग वेल्डने बंद करा, किंवा पाणी ओघळून जाईल इतक्या मोकळ्या ठेवा. साखळ्या तर गंजणारच. त्या खंड्याच्या पोटाखाली, पावसाच्या आडोशाला घ्या. चोच आणि पंखांची टोकं दोन मीटरच्या खाली आली तर गोलसर करा.

कॉर्टन, म्हणजे वरच्या गंजाच्या घट्ट थरानेच आतून जपलं जाणारं पोलाद, तुमच्याकडे चालेल, पण ते ओलं होऊन पूर्ण वाळावं लागतं, तरच त्याचा गंज घट्ट बसतो. पहिली दोन-तीन वर्षं त्याचे ओघळ ओटा रंगवतात. कोकणात ते घेऊ नये, चार महिने ओल आणि वर्षभर मीठ यांत त्याचा थर स्थिरावत नाही. किनाऱ्यावर लोखंडाचे बोल्टसुद्धा हलक्यात घेऊ नयेत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नट-बोल्ट गंजू लागल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याआधी काही दिवसच कळवलं होतं.

प्रश्न : ब्राँझ परवडत नाही आणि सिमेंट हलकं दिसतं, असं आमच्या समितीत म्हणतात. — एक वाचक, लांजा

समितीला शांतिनिकेतनचं 'संथाल कुटुंब' दाखवा. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये ते सिमेंट आणि तिथल्याच लाल मातीतल्या जांभ्याच्या खडीत केलं. खरखरीत पृष्ठभाग तसाच ठेवला, आणि माणसं त्या जमिनीतूनच वर आल्यासारखी दिसतात. तुमच्या लांज्याला जांभा पायाखालीच आहे. मात्र तो पाणी पितो. खडी धुऊन, भिजवून, पृष्ठभाग कोरडा करून वापरा, आणि लोखंडाच्या जवळ ती येऊ देऊ नका. आतला थर साध्या मालाचा, जांभा फक्त वरच्या थरात. साहस करायचं तर धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांनी गांधीसागर धरणावर केलेलं ४५ फुटी चंबळ शिल्पही पाहावं. नदी आई, आणि मध्य प्रदेश व राजस्थान ही तिची दोन लेकरं. निसर्ग आणि लोकसमूह एकाच आकारात इतक्या सरळपणे फार थोड्यांना साधलं आहे.

प्रश्न : शेतकरी बाईच्या शिल्पाला सरकारी परवानगी लागते का? आणि नंतरची देखभाल कोणी करावी? — एक वाचक, बारामती तालुका

अनाम व्यक्तीच्या शिल्पालाही ग्रामसभेचा ठराव, जागामालकाची लेखी संमती आणि बांधकामाची परवानगी हवीच. शिल्प एखाद्या थोर व्यक्तीचं असेल तर पुतळ्यांचे शासकीय नियम लागू होतात आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते.

देखभालीचं नाव ठरावातच लिहा : कोण, कोणत्या महिन्यात, कोणत्या खात्यातून. वर्षातून दोन फेऱ्या पुरतात. ऑक्टोबरात शेवाळ नायलॉनच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा. ॲसिड नको, ते सिमेंट खातं. भेगांवर पेन्सिलीने खूण करून तारीख घाला, म्हणजे पुढच्या वर्षी ती वाढली का ते कळतं. मेमध्ये बोल्ट, वेल्ड आणि रंग पाहा आणि पाणी निघायची छिद्रं तारेने मोकळी करा. छिद्र कचऱ्याने क्वचितच बुजतं, बहुतेक वेळा कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. छिद्राच्या तोंडाला स्टेनलेसची बारीक जाळी बसवली की ती येत नाही, पण जाळी निघती ठेवा, मागे साचलेला गाळ काढता आला पाहिजे.